केरीचं पुसलेलं नाव

आलात सगळे? पांघरुणं घ्या. भिंतीकडची जागा कोणाची, ते उद्या भांडा. आज नुसतं ऐका.

एकदा काय झालं, सरई नावाची एक नदी होती आणि तिच्या काठी एक गाव होतं. पुढे त्या गावाला वळणगाव म्हणायला लागले, पण तेव्हा म्हणत नसत. कारण नदी तिथे वळतच नसे. डोंगरातून निघायची ती थेट गावात शिरायची. दर श्रावणात यायची, चुली विझवायची, कोंबड्या न्यायची, मातीच्या भिंती पाडायची. मग पाणी ओसरलं की लोक पुन्हा भिंती घालायचे. दुसरं काय करणार?

त्या गावात एक बाई होती. तिला आधी बाळं झाली ती जगली नाहीत. मग एक मुलगी झाली. तेव्हा शेजारीण म्हणाली, "अगं, हिला चांगलंसं नाव ठेवू नकोस, दृष्ट लागेल. हिला सुपात घालून उकिरड्यावर ठेव. मी उचलते. मग मूठभर कोंडा देऊन माझ्याकडून परत घे. म्हणजे ही तुझी नाही, केरातली, असं होईल. मग हिला कोण कशाला नेतंय?"

अशी तेव्हा रीत होती, बरं का. म्हणून मुलीचं नाव आधीच ठरवून टाकलं, केरी. केरातून उचललेली ती केरी.

आईने लेकीला सुपात निजवलं, उकिरड्यावर ठेवलं आणि ती बाजूला झाली. शेजारीण वाकून सूप उचलणार, एवढ्यात सरई आली. धो धो आली. सूप तरंगलं आणि निघालं पाण्यावरून. आई काठाकाठाने धावायला लागली. पायात काटे गेले, पदर कुठल्या कुठे गेला. ती आपली ओरडतेय, "केरी! अगं केरी! माझी केरी!"

नदीने ते ऐकलं. आजवर लोकांनी नदीला शिव्या घातल्या होत्या. नारळही वाहिले होते. पण आपल्या माणसाचं नाव काय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती थबकली. मग तिने सूप हळूच काठाला लावलं, आणि गावात न शिरता बाजूने वळून निघून गेली.

केरी मोठी झाली. दर श्रावणात पाणी चढायला लागलं की ती घाटावर जायची आणि म्हणायची, "सरईबाई, मी केरी. हे माझं गाव. जरा वळून जा."

नदी म्हणायची, "बरं गं." आणि वळायची.

असं पुष्कळ वर्षं चाललं. गावात पक्क्या भिंती झाल्या. त्यांच्यावर रंग चढले. आणि मग काय झालं माहीत आहे? लोकांना वाटायला लागलं, नदी आपली आपणच वळते. पाणीच ते, उतार तिकडे आहे, म्हणून तिकडे जातं. केरी घाटावर निघाली की म्हातारे हसायचे. "निघाली बघा नदीची मैत्रीण."

मग केरीचं लग्न ठरलं. गावच्या कारभाऱ्याचा मुलगा हैबती, त्याच्याशी. हैबती भला मुलगा होता. ती नदीशी बोलायची तेव्हा तो लांब उभा राहून ऐकायचा, आणि हसायचा नाही. म्हणून तिला तो आवडला.

लग्न लागलं. जेवणांआधी नाव बदलायची वेळ आली. त्या गावात काय करत, एका ताटात तांदूळ पसरत. नवऱ्याने अंगठीने त्यात मुलीचं जुनं नाव लिहायचं. मग तळव्याने ते पुसायचं. मग त्यावर नवं नाव लिहायचं. सगळ्या बाया त्यातून गेलेल्या. कोणाला त्याचं काही वाटत नसे. वाटत असेल तर बोलत नसत.

हैबतीने तांदळात लिहिलं, केरी. आणि पुसायला हात उचलला.

केरी म्हणाली, "हे राहू द्या ना. नदी मला याच नावाने ओळखते."

मंडपात मोठा हशा झाला. कारभारी म्हणाले, "सूनबाई, नदीला नावाशी काय करायचंय? पाणी ते पाणी."

सासू म्हणाली, "मग काय, भरल्या घरात केर म्हणून हाक मारू? आम्ही रत्नमाला ठेवतोय. केर गेला, रत्न आलं. लोक पाय धरतील असल्या नावासाठी!"

आता हे खोटं नव्हतं. नाव खरंच छान होतं. केरीच्या आईलासुद्धा ते आवडलं. तिने डोळ्यांनी लेकीला खुणावलं, गप्प बैस.

हैबतीने केरीकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आणि पुसलं. वाईट नव्हता हं तो. पण नुसतं वाईट नसून भागत नाही. वेळेला 'थांबा' म्हणावं लागतं. ते त्याला जमलं नाही.

त्याचा हात तांदळावरून फिरला आणि ते नाव सगळ्यांच्या जिभेवरून गेलं. आईच्या, शेजारणीच्या, हैबतीच्या. खुद्द केरीच्यासुद्धा. ताट पुसल्यासारखं स्वच्छ. आणि गंमत अशी, की काही गेलंय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुसलेले तांदूळ कोणीतरी कौलांवर उधळले. पाखरं आली, टिपून गेली.

मग केरी सासरी नांदायला लागली. खायला भरपूर, नेसायला चांगलं. पण एक अडचण होती. सासू हाक मारायची, "रत्नमाला!" आणि ही आपली निवडत बसलेली. पुन्हा, "रत्नमाला!" ही चुलीपाशी ढिम्म. सासू वैतागायची. "बहिरी सून पदरात पडली गं बाई माझ्या!" बहिरी नव्हती ती. हाक आपल्याला आहे, हेच तिच्या लक्षात यायचं नाही. दुसऱ्याची चप्पल घातल्यावर कसं होतं? चालता येतं. धावता येत नाही. तसं काहीसं.

मग श्रावण आला. पाणी चढायला लागलं. केरी नेहमीसारखी घाटावर गेली. सरई गर्जत आली. केरी म्हणाली, "सरईबाई, मी रत्नमाला. हे माझं गाव. जरा वळून जा."

नदी म्हणाली, "कोण रत्नमाला? मी नाही ओळखत." आणि घाट ओलांडून वर आली. धुण्याचे दगड बुडाले.

केरी मागे सरली. म्हणाली, "मी कारभाऱ्यांची सून."

नदी म्हणाली, "कोण कारभारी?" आणि गुरांच्या गव्हाणी बुडाल्या.

केरी आणखी मागे सरली. म्हणाली, "मी हैबतीची बायको."

नदी म्हणाली, "पोरी, कोणाची ते का सांगत बसलीस? तू कोण, ते सांग की." आणि पहिल्या आळीतल्या चुली बुडाल्या.

केरीने तोंड उघडलं. नाव ओठांवर यायला हवं होतं. आलं नाही. तिने आठवून पाहिलं. सगळं आठवत होतं. सूप, कोंडा, आईची हाक, हाकेतला कळवळासुद्धा. फक्त हाकेत नाव होतं तिथे भोक होतं.

हो, हो, कळलं! तुम्हाला माहीत आहे तिचं नाव. ओरडू नका, शेजारी झोपलेत. तुम्ही कितीही ओरडलात तरी तिला कसं ऐकू जाणार?

मग केरीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "बाई, माझं नाव हरवलंय. मी शोधून आणते. तोवर थांबशील?"

नदी म्हणाली, "मला थांबता येत नाही गं. पण हळू चालेन. तू पळ."

केरी पळाली. आधी गेली आईकडे. म्हणाली, "आई, मला हाक मार."

आई म्हणाली, "रत्नमाला."

"तशी नाही. लहानपणी मारायचीस तशी."

आईने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. बिचारी घाबरली. "अगं, मी रोज मारत होते ना हाक! काय बरं... जिभेवर आहे बघ..." जिभेवर काही नव्हतं.

केरीला एकदम वेगळंच सुचलं. ती म्हणाली, "आई, तुझं नाव काय होतं गं? लग्नाआधी?"

आई जिथल्या तिथे बसली. लग्न झाल्यापासून तिला हे कोणी विचारलं नव्हतं. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "मला... नाही माहीत." आणि रडायला लागली. मायलेकी दोघी रडल्या. पण रडत बसायला वेळ नव्हता, पाणी येत होतं.

केरी कोपऱ्यातल्या जात्याकडे गेली. गोष्टीतली जाती बोलतात, बरं का. ती म्हणाली, "जातेदादा, आई दळताना माझ्या नावाच्या ओव्या गायची. तुला आठवतंय का माझं नाव?"

जातं घरघरलं. म्हणालं, "चाल आठवते. दाणे आठवतात. पण नाव आलं की माझा घास रिकामा जातो. मला विचारू नकोस. तुझं नाव ज्या तांदळात लिहिलं, ते तांदूळ कुठे गेले?"

आई डोळे पुसत म्हणाली, "कौलांवर टाकले. पाखरांनी खाल्ले."

"मग नाव पाखरांपाशी," जातं म्हणालं. "सुळकीच्या डोंगरावर म्हातारं नांद्रुकाचं झाड आहे. गावची सगळी पाखरं तिथे वस्तीला असतात."

केरी निघाली. वाटेत हैबती भेटला. तो उंचवट्यावरच्या देवळात म्हाताऱ्यांना पाठीवरून पोचवत होता. चिखलाने माखला होता. तो म्हणाला, "मी येतो तुझ्याबरोबर."

केरी म्हणाली, "नको. माझं नाव मलाच ओळखायचंय. तुम्ही माणसं वर काढा."

तो म्हणाला, "पुसलं मी ना."

"हो," केरी म्हणाली. आणि पुढे गेली. त्याला बरं वाटावं म्हणून 'असू दे' वगैरे काही म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं का? बघा तुम्हीच विचार करून.

डोंगर चढता चढता उजाडायला आलं. पाऊस थोडा थांबला. नांद्रुकाच्या झाडाखाली ती पोचली आणि पाखरं जागी व्हायला लागली. रोज सकाळी पाखरं कलकलाट करतात ना? आपल्याला वाटतं, उगीच ओरडतात. उगीच नव्हती ओरडत ती. एकेक पाखरू एकेक नाव घेत होतं. गावातल्या बायांची, मेलेल्या, म्हाताऱ्या, कालपरवा लग्न झालेल्या, सगळ्या बायांची पुसलेली नावं. इतकी नावं, की झाडाला पान दिसेना.

केरी खाली उभी. हजार नावं ऐकतेय. पण आपलं कुठलं, ते कसं कळणार? आठवतच नाही तर!

एक निळं पाखरू म्हणालं, "चंद्रकला!" किती गोड आवाज. केरीला वाटलं, हेच घेऊन जावं. कोणाला कळतंय? पण तिच्या मनाने हूं की चूं केलं नाही.

मग एक तांबूस पाखरू म्हणालं, "गुलाब!" हेही सुरेख. केरीने ते तोंडात घोळवून पाहिलं. जिभेला गोड लागलं, पण पोटात काही हललं नाही.

ती थकली. खाली बसली. गावाकडे पाहिलं तर पाणी चावडीच्या पायरीला लागलेलं. तिने डोळे मिटले. आणि तेवढ्यात मागच्या फांदीवरून, पाचोळ्याच्या रंगाचं एक एवढंसं पाखरू, धड गाता न येणारं, म्हणालं, "केरी!"

आणि तिची मान वळली.

तिने वळवली नाही हं. वळली. शेतात, बाजारात, झोपेत, कुठेही आपली हाक आली की वळते तशी. मग तिला आठवावं लागलंच नाही काही. सूप, कोंडा, काठाने धावणारी आई, तिच्या तोंडातली हाक, आणि हाकेत आता भोक नव्हतं. ती हसली, रडली, आणि म्हणाली, "ओ!"

पाखरू तिच्या खांद्यावर येऊन बसलं. आता पळायचं. पण पळता पळता ती थांबली. तिने वर पाहिलं. एवढी नावं. ती म्हणाली, "तुम्ही का नाही येत?"

निळं पाखरू म्हणालं, "आम्हाला कोणी बोलवायलाच आलं नाही."

"मी आलेय ना! चला!"

मग काय! सगळं झाड उडालं.

खाली गावात सगळी माणसं देवळाच्या उंचवट्यावर जमली होती. बाया बोचकी वर देत होत्या, पोरं सावरत होत्या, कोणी ओली लाकडं पेटवायला बघत होती. आणि आभाळ पाखरांनी भरलं. कलकलाट झाला. मग एकेक मान वळायला लागली. बोचकं हातात तसंच. फुंकणी तोंडाशी तशीच. मूल कडेवर तसंच. इकडे एक मान वळली, तिकडे एक वळली. केरीच्या आईजवळ एक पाखरू आलं आणि म्हणालं, "गोजरा!" आईच्या हातातला तांब्या पडला.

सासू मात्र सगळ्यांवर ओरडत होती. "पाखरं काय बघत बसलात? आवरा! ए, ते पीठ भिजतंय!" एक ठेंगणं, फुगलेलं पाखरू तिच्या डोक्यावर येऊन बसलं आणि म्हणालं, "ठकू!"

सासू मध्येच थांबली. तिची मान वळली. आणि तिचा चेहरा असा झाला, पोरांनो, की जणू परकर नेसून कोणी मुलगी चिंचा पाडायला निघालीय. ती हळूच म्हणाली, "अगं बाई. मी ठकू."

कारभारी म्हणाले, "कोण ठकू?"

ती म्हणाली, "मी."

"मला आठवतच नव्हतं!"

"विचारलं होतंत कधी?"

कारभारी पागोटं सारखं करायला लागले. सारखंच होतं ते.

इकडे केरी धावत पाण्याच्या कडेला गेली. पाणी आता उंचवट्याला भिडलं होतं. ती ओरडली, "सरईबाई, मी केरी!"

नदी म्हणाली, "आलीस होय? किती वाट बघितली." आणि ती वळायला लागली. पण थोडीशीच वळली आणि पुन्हा सरळ आली. म्हणाली, "केरी, माझ्यामागे फार पाणी आहे गं आता. एका नावाने नाही जमत वळायला."

केरीने मागे पाहिलं. सगळ्या बाया उभ्या होत्या, खांद्यावर आपापलं पाखरू घेऊन. पण पुढे यायला कोणी तयार नव्हतं. आजवर मोठ्याने आपलं नाव घेतलेलंच नाही, एवढ्या माणसांत कसं घ्यायचं? सासरे उभे, दीर उभे. एकीने तोंडावर पदर घेतला. पाणी आणखी वर आलं.

मग सासूच पुढे आली. केरीला वाटलं, आता ही मला ओढून नेणार. सासूने नऊवारीचा ओचा खोचला, गुडघाभर पाण्यात उतरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी ठकू! आहे ही अशी आहे. वळ!"

नदी थोडी वळली.

मग केरीची आई. "मी गोजरा." नदी आणखी वळली. मग एक, मग दुसरी, मग तिसरी. कोणी पुटपुटली, कोणी ओरडली, एक तर नाव घेताना इतकी लाजली की तिला दोनदा घ्यावं लागलं. प्रत्येक नावाला नदी म्हणायची, "बरं गं, ओळख झाली," आणि वळायची.

आता एकच बाई राहिली, आणि नदीला पुरतं वळायला तेवढंच कमी पडत होतं. मागे, देवळाच्या खांबाआड. तिच्याभोवती एक पाखरू घिरट्या घालत होतं आणि ओरडत होतं, "नकुशी! नकुशी!" तिने दोन्ही कान घट्ट बंद केले होते.

पाचवी मुलगी झाली म्हणून बापाने तिचं नाव नकुशी ठेवलं होतं. कोणालाच नको होती म्हणून. सासरी तिचं नाव लक्ष्मी झालं होतं.

केरी तिच्याकडे गेली. ती म्हणाली, "केरी, हे पाखरू हाकल. मला नकोय ते नाव. पुसलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं."

केरी विचारात पडली. तिला वाटलं होतं, सगळ्यांना आपलं जुनं नाव हवंच असणार. तिने पाखराला हात केला. म्हणाली, "जा बाबा. तुला रजा." ते उडून गेलं आणि परत आलं नाही.

"मग लक्ष्मी म्हणून सांग नदीला," केरी म्हणाली.

"तेही माझं नाही. मला न विचारता ठेवलेलं."

पाणी देवळाच्या पायरीला लागलं. लोक ओरडायला लागले, "अगं, सांग काहीतरी! कुठलंही सांग!" पण ती खोटं बोलेना. ती हळूहळू पाण्यात उतरली. म्हणाली, "सरईबाई, जुनं नाव मला नको. नवं माझं नाही. मला नाव नाही. पण मी आहे."

सगळे माना पुढे काढून बघायला लागले.

नदी म्हणाली, "मग झालं तर. एवढं पुरे मला."

आणि ती वळली. सगळी वळली. मागचं सगळं पाणी घेऊन, माळाच्या कडेकडेने, खाली निघून गेली.

मग काय झालं? मग खूप चिखल झाला. गोष्टीत तो सांगत नाहीत, पण काढावा लागतोच. बायांनी काढला आणि त्या वर्षी पुरुषांनीही काढला. हैबतीने सगळ्यांत जास्त काढला. एकदा दोघं घर सारवत होती. सारवणाचा हात तसाच ठेवून तो म्हणाला, "केरी, मी 'थांबा' म्हणायला हवं होतं." ती म्हणाली, "हो. पुढच्या वेळी म्हणा." आणि दोघं सारवत राहिली.

नाव नसलेली बाई पुष्कळ दिवस विचार करत राहिली. लोक सुचवायचे. हे घे, ते घे. ती म्हणायची, "माझं मला बघू द्या." तोवर लोक तिला "अगं" म्हणायचे आणि ती हसून "ओ" म्हणायची. मग एके दिवशी विहिरीवर तिने घागर खाली ठेवली आणि सांगितलं, "माझं नाव मंजुळा." का म्हणून, ते कोणी विचारलं नाही. छान आहे, म्हणाल्या, आणि तिला हाक मारून बघितली.

मग गावात बायजा नावाच्या मुलीचं लग्न निघालं. तांदळाचं ताट आलं. नवऱ्या मुलाने अंगठी उचलली. ठकूबाई समोरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे ए, ती दे इकडे." आणि त्यांनी अंगठी बायजाच्या हातात दिली. "हं पोरी. काय लिहायचं ते तू लिही. आहे ते ठेव, नाहीतर नवं घे. घाई नाही, जेवणं थांबतील."

जेवणं थांबतील म्हटल्यावर पाहुणे जरा चुळबुळले. बायजाने विचार केला आणि तांदळात लिहिलं, बायजा. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने अंगठी नवऱ्यापुढे धरली. म्हणाली, "तुमचं काय? तुमचं बदलायचंय का?"

मंडपात हशा. नवऱ्याचा काका तर लोळायलाच लागला. पुरुषाचं कधी नाव बदलतात का!

नवरा मुलगा मात्र हसला नाही. त्याचं नाव होतं दगडू. लहानपणापासून पोरं त्याला त्यावरून चिडवत. त्याने खाली मान घातली आणि हळूच म्हणाला, "खरं सांगू? बदलायचंय. पण मला कधी कोणी विचारलंच नव्हतं."

हशा थांबला. ठकूबाई सरकून बसल्या आणि त्याच्यापुढचे तांदूळ हाताने सारखे केले. "मग लिही बाळा," त्या म्हणाल्या. "काय हवं ते लिही."

त्याने काय लिहिलं? ते मला नाही माहीत. त्याने लिहिलं आणि बायजाने वाचलं, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसली, एवढंच ऐकलंय मी. मग जेवणं झाली. जिलब्या होत्या. सगळे पोटभर जेवले, सुखाने नांदले, आणि आपापल्या घरी जाऊन गाढ झोपले.

तसे आता तुम्हीही झोपा. दिवा बारीक करते. पाय आत घ्या बघू.